घरातला कराओके : संगीत उशिरा आले तरी चालेल, आपला आवाज उशिरा येता कामा नये

मागच्या दिवाळीत माझी आत्या औसा तालुक्यातल्या तिच्या गावाहून लातूरला आमच्याकडे आली होती. गावच्या भजनी मंडळात ती ३० वर्षांहून अधिक काळ गात आली आहे आणि तिची लय ढळल्याचे मी कधी ऐकलेले नाही. घरातल्या मुलांनी हौसेने कराओकेचे ॲप उघडले, फोन ब्ल्यूटूथ स्पीकरला जोडला आणि तोच फोन माईक म्हणून आत्याच्या हाती दिला. पहिल्याच कडव्यात ती अडखळली. दुसऱ्यांदा सुरुवात केली तेव्हा ठेक्याच्या मागे मागे पडत गेली आणि अखेर तिने गाणे मध्येच सोडून दिले. फोन परत देताना ती म्हणाली, "वय झालं बघ माझं, आता लय धरवत नाही."

दोष तिच्या वयाचा मुळीच नव्हता. तिचा आवाज फोनमध्ये शिरून, हवेतून स्पीकरपर्यंत जाऊन, तिच्या कानावर परत यायला जो उशीर होत होता, त्या उशिराने तिची लय मोडली होती. हे मला त्या संध्याकाळी ठाऊक नव्हते. नंतर थोडे वाचून, थोडे ओळखीच्या साऊंडवाल्याकडून समजून घेऊन आम्ही साडेचार हजारांच्या आत घरी जी व्यवस्था उभी केली, तिच्यावर आत्या संक्रांतीला सलग दीड तास गायली. ती व्यवस्था कशी उभी राहते आणि तिच्यात पैसे नेमके कुठे घालावेत, हे इथे शक्य तितक्या सोप्या शब्दांत मांडतो.

दोन वाटा

कराओकेमध्ये दोन आवाज स्पीकरपर्यंत पोहोचतात. एक आवाज वाद्यांचा असतो, जो आधीच रेकॉर्ड केलेला असून फोनमधून किंवा टीव्हीतून येतो. दुसरा आवाज गाणाऱ्याचा असतो, जो त्याच क्षणी जन्माला येतो. पहिल्या आवाजाला स्पीकरपर्यंत यायला पाव सेकंद लागला तरी गाणाऱ्याचे काही बिघडत नाही, कारण तो जे ऐकतो त्यावरच गातो. वाद्ये कानावर पडतील तिथून त्याची लय सुरू होते. दुसऱ्या आवाजाचे तसे नाही. तोंडातून निघालेला सूर स्पीकरमधून उशिरा ऐकू आला, की मेंदूला एकाच वेळी दोन वेगवेगळ्या लयी सांभाळाव्या लागतात आणि त्यात गाणारा हरतो.

हा उशीर मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजतात. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो. त्यामुळे १० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे स्पीकर आपल्यापासून साडेतीन मीटरवर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला असल्यासारखे झाले. एवढा उशीर सहसा जाणवत नाही. ३०-४० मिलिसेकंदांपासून गाणाऱ्याला काहीतरी जड, ओढल्यासारखे वाटू लागते. साध्या ब्ल्यूटूथमध्ये आवाज दाबून लहान करणे, पाठवणे आणि पुन्हा उलगडणे यांत बहुधा १०० ते २५० मिलिसेकंद जातात. २०० मिलिसेकंद म्हणजे ७० मीटर. सप्ताहाच्या दिवसांत देवळाच्या शिखरावरचा भोंगा शेताच्या बांधावरून ऐकताना आवाज जसा मागून येतो, तसा स्वतःचाच आवाज स्वतःला ऐकू येत असेल, तर कोण लयीत गाईल? सुमारे २०० मिलिसेकंद उशिराने स्वतःचे बोलणे कानावर घातले, तर चांगला बोलणारा माणूसही अडखळू लागतो, हे १९५०च्या सुमारास झालेल्या प्रयोगांतून दिसून आले आहे. आत्याच्या बाबतीत आमच्या बैठकीच्या खोलीत हेच घडले होते.

म्हणून पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा, की वाद्यांच्या वाटेवर ब्ल्यूटूथ चालेल, माईकच्या वाटेवर चालणार नाही. माईकपासून स्पीकरपर्यंतची वाट वायरचीच असावी आणि शक्य तितकी आखूड असावी. १९७१ साली जपानमधल्या कोबे शहरात दाइसुके इनोऊए या वादकाने भाड्याने देण्यासाठी जी कराओकेची यंत्रे बनवली, त्यांत टेप, माईक, ॲम्प्लिफायर आणि नाणे टाकायची खाच एवढाच ऐवज होता. माईकचा आवाज वायरीतून थेट ॲम्प्लिफायरमध्ये जात असल्याने त्या यंत्रात उशिराचा प्रश्नच नव्हता. इनोऊए यांनी त्या यंत्राचे पेटंट घेतले नाही आणि कराओके जगभर पसरला. पन्नास वर्षांनंतर आपल्या हातात कितीतरी अधिक ताकदीची साधने असताना आपण या एका बाबतीत मागे गेलो आहोत, याचे मला खरोखर वाईट वाटते.

बाजारात चारशे-पाचशे रुपयांपासून मिळणारा, दांड्यातच स्पीकर असलेला ब्ल्यूटूथ माईक या नियमाला अपवाद वाटेल, पण तो अपवाद नाही. त्यात वाद्ये तेवढी फोनवरून ब्ल्यूटूथने येतात आणि गाणाऱ्याचा आवाज त्याच दांड्यातल्या स्पीकरकडे थेट जातो, त्यामुळे उशीर होत नाही. त्याची अडचण निराळी आहे : माईक आणि स्पीकर यांच्यात वीतभरही अंतर नसल्याने तो जरा मोठा केला की शिट्टी मारतो आणि एवढ्याशा स्पीकरमधून ढोलकीची थाप पत्र्याच्या डब्यावर मारल्यासारखी येते. लहान मुलांच्या खेळासाठी तो ठीक आहे. गाणे मनावर घेतलेल्या माणसासाठी तो घेऊ नये.

माईक, वायर आणि मिक्सर

कमी पैशांत सर्वांत मोठा फरक माईकने पडतो. घरासाठी वायरचा डायनॅमिक माईक घ्यावा. त्याच्या जाळीमागे पातळ पडदा असतो, पडद्याला तारेचे बारीक वेटोळे चिकटवलेले असते आणि ते लोहचुंबकाच्या फटीत हलते. गाण्याने पडदा थरथरला की वेटोळ्यात अगदी सूक्ष्म वीज निर्माण होते. या माईकला बॅटरी लागत नाही, तो हातून पडला तरी सहसा मरत नाही आणि लांबचे आवाज तो फारसे पकडत नाही. हा शेवटचा गुण आपल्याकडे फार मोलाचा आहे, कारण एप्रिल-मे महिन्यांत लातूर-परभणीकडे कूलर बंद करून कोणी गायला बसू शकत नाही. रेकॉर्डिंगसाठी म्हणून स्वस्तात विकला जाणारा कंडेन्सर माईक उलट इतका हळवा असतो, की कूलरची घरघर, स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टी आणि रस्त्यावरची फटफटी हे सारे गाण्यात येते. शिवाय त्याच्या चांगल्या नमुन्यांना चालण्यासाठी ४८ व्होल्टचा वेगळा पुरवठा लागतो, जो साध्या ॲम्प्लिफायरमध्ये नसतो.

डायनॅमिक माईक थेट टीव्हीला, फोनला किंवा स्पीकरच्या ऑक्सला (बाहेरचा आवाज आत घेणाऱ्या खाचेला) जोडून अनेकजण निराश होतात आणि माईक खराब निघाला असे समजून तो परत करतात. माईकमधून येणारी वीज साधारण एक-दोन मिलिव्होल्ट असते, तर ऑक्सच्या खाचेला त्याच्या शंभर-दीडशे पट अपेक्षित असते. मध्ये ही वीज वाढवणारे काहीतरी लागते. ते काम छोटा मिक्सर करतो आणि वाद्यांची वाट व माईकची वाट एकमेकांना भेटतात तीही मिक्सरमध्येच. तुमच्या घरी जुना होम थिएटर असेल, तर आधी त्याच्या मागे किंवा पुढे माईकची जाड खाच आहे का ते पाहा. असल्यास माईक वाढवणारी सोय आतच आहे. मिक्सरचे पैसे वाचले. आमच्या होम थिएटरला ती खाच नव्हती, म्हणून चार चॅनेलचा मिक्सर घ्यावा लागला. आमचा हिशेब असा झाला : माईक ११०० रुपये, मिक्सर २६०० रुपये आणि वायरी ४५० रुपये, एकूण ४१५० रुपये. स्पीकर घरचाच होता. तो नसता तर आणखी तीन ते पाच हजार लागले असते.

वायरीच्या बाबतीत दुकानातली भाषा माहीत असलेली बरी. जाड, एकपदरी पिनेला दुकानदार पी-३८ म्हणतात, फोनच्या बारीक पिनेला ईपी म्हणतात, टीव्हीमागच्या लाल-पांढऱ्या पिनांना आरसीए म्हणतात आणि माईकच्या बुडाशी असलेल्या तीन टोकांच्या गोल पिनेला कॅनन म्हणतात. मिक्सरला कॅननची खाच असेल, तर दोन्हीकडे कॅनन असलेलीच वायर घ्यावी, कारण तिच्यात तोच आवाज दोन तारांतून एकमेकांच्या उलट, म्हणजे एकीत अधिक तेव्हा दुसरीत उणे, असा पाठवलेला असतो. वाटेत विजेच्या वायरींची जी भुणभुण शिरते ती दोन्ही तारांत सारखीच शिरते आणि मिक्सर दोन्हींतला फक्त फरक घेत असल्याने ती आपोआप गळून पडते. पी-३८च्या एकेरी वायरीत हे संरक्षण नाही, म्हणून ती पाच-सहा मीटरपेक्षा लांब घेऊ नये. लातूरच्या गंजगोलाई या बाजारपेठेच्या परिसरात मी चार दुकाने हिंडलो आणि वायर प्रत्येक ठिकाणी जोडून, हलवून पाहिली. पिनेजवळ वायर वाकवली की खरखर येत असेल, तर ती वायर कितीही स्वस्त असली तरी सोडून द्यावी.

वायर नको असेल, तर यूएचएफ प्रकारचा वायरलेस माईक चालतो. त्यात आवाज रेडिओसारखा सरळ जातो आणि उशीर जवळजवळ नसतो. ब्ल्यूटूथ आणि वायरलेस या शब्दांची दुकानात सरमिसळ होते, तेवढी टाळावी.

आपल्या स्पीकरमध्ये छुपा उशीर आहे का, हेही तपासून घ्यावे, कारण काही आधुनिक ब्ल्यूटूथ स्पीकर आणि साऊंडबार ऑक्सने आलेल्या आवाजावरही आत काही प्रक्रिया करतात. मिक्सर जोडून माईकमध्ये तोंडाने "टक्, टक्" असे तुटक आवाज काढावेत. "टक्" एकच ऐकू आला तर ठीक. त्याच्या मागोमाग सावलीसारखा दुसरा "टक्" आला, तर तो स्पीकर गाण्याच्या कामाचा नाही. ही चाचणी दुकानातच करावी.

वॅटचा आकडा

पेटीवर पीएमपीओ ५००० वॅट असे लिहिलेले असते, त्या आकड्याला काही अर्थ नाही. आरएमएस, म्हणजे सतत मिळणाऱ्या खऱ्या ताकदीचा, आकडा पाहावा आणि तोही पटत नसेल, तर अडॅप्टरवरचा मजकूर वाचावा. १२ व्होल्ट आणि २ अँपिअर असा अडॅप्टर असेल, तर १२ गुणिले २ म्हणजे फार तर २४ वॅट त्या पेटीत जातात. जेवढे जात नाहीत तेवढे सतत बाहेर येणे शक्य नाही. घराच्या खोलीला २० ते ४० खरे वॅट भरपूर होतात. वॅट दुप्पट केल्याने आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, जो कानाला जेमतेम कळतो, त्यामुळे जास्त वॅटसाठी दिलेले पैसे घरात वायाच जातात.

शिट्टी, भिंती आणि गोधड्या

माईक शिट्टी का मारतो, हे एकदा नीट समजले की निम्मे प्रश्न संपतात. स्पीकरमधून निघालेला आवाज फिरून माईकमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होऊन स्पीकरमधून येतो, पुन्हा माईकमध्ये शिरतो. प्रत्येक फेरीत तो आधीपेक्षा थोडा जरी वाढत असेल, तरी क्षणार्धात त्याचा कर्कश सूर होतो. फेरीत तो थोडा जरी घटत असेल, तर शिट्टी येत नाही. म्हणजे आपल्याला फक्त एवढेच करायचे आहे, की स्पीकरचा आवाज माईकमध्ये कमी शिरावा आणि गाणाऱ्याचा आवाज जास्त शिरावा.

गाणाऱ्याचा आवाज जास्त शिरण्यासाठी माईक ओठांपासून दोन-तीन बोटांवर धरावा. अंतर दुप्पट झाले, की पोहोचणारा आवाज ६ डेसिबलने घटतो. म्हणजे ५ सेंटिमीटरवरचा माईक २० सेंटिमीटरवर नेला, तर १२ डेसिबल गेले आणि ते भरून काढायला मिक्सरचे बटण वाढवले की शिट्टी ठरलेली. माईकची जाळी मुठीत धरू नये. गाण्याचे बहुतेक माईक समोरचे ऐकतात आणि मागचे नाकारतात. जाळीच्या खालच्या बाजूला असलेल्या फटींमुळे मागून आलेला आवाज पडद्याच्या दोन्ही बाजूंवर एकाच वेळी दाब टाकतो आणि त्याचा परिणाम शून्य होतो. मूठ त्या फटींवर आली की माईक चहूकडचे ऐकू लागतो. टीव्हीवरच्या गायकांचे पाहून मुले नेमकी जाळीच पकडतात, त्यांना हे कारण सांगितले की ती पटकन ऐकतात.

आता स्पीकर कुठे ठेवायचे? टीव्हीच्या दोन बाजूंना, गाणाऱ्याकडे तोंड करून. हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते, कारण स्पीकर माईकच्या समोर नको असे आपण ऐकलेले असते. पण गाणारा टीव्हीकडे पाहत शब्द वाचतो, माईकचे तोंड त्याच्या ओठांकडे असते आणि माईकची पाठ टीव्हीकडे व स्पीकरकडे असते. माईक जिकडचे सर्वांत कमी ऐकतो, नेमक्या त्याच बाजूला स्पीकर आले. उरतो तो आवाज, जो गाणाऱ्याच्या खांद्यावरून पुढे जाऊन त्याच्या मागच्या भिंतीवर आपटतो आणि परत फिरून माईकच्या तोंडात शिरतो. सुधारणेची खरी जागा म्हणजे ही मागची भिंत.

आत्याच्या गावातले जुने घर माळवदाचे आहे. दगडमातीच्या जाड, ओबडधोबड भिंती, वर लाकडाची किलचन आणि मातीचा थर, खाली शेणाने सारवलेली जमीन. त्या घराच्या ढाळजेत, म्हणजे दारालगतच्या ओसरीत, बसून भजन झाले, तर आवाज गोल आणि शांत येतो. आमची लातूरची खोली स्लॅबची आहे. गुळगुळीत गिलावा, खाली चकचकीत फरशी, १० बाय १२ फूट आणि उंची १० फूट. अशा खोलीत आवाज किती वेळ रेंगाळतो, हे काढण्याचे सूत्र वॉलेस सॅबाइन या अमेरिकी प्राध्यापकाने दिले. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातले एक व्याख्यानगृह इतके घुमत होते, की शब्द कळत नसत. सॅबाइन यांनी रात्री जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायच्या, किती गाद्या ठेवल्या की आवाज किती वेळात विझतो ते मोजायचे आणि सकाळ व्हायच्या आत गाद्या जागच्या जागी ठेवायच्या, असे दीर्घकाळ केले. उघडी खिडकी आलेला सगळा आवाज गिळते, म्हणून त्यांनी मोजमापाचे एकक म्हणून उघडी खिडकीच धरली.

आमच्या खोलीचा आकार साधारण ३४ घनमीटर आणि सगळ्या भिंती, छत व फरशी मिळून ६३ चौरस मीटर. गुळगुळीत गिलावा आणि फरशी आलेल्या आवाजापैकी जेमतेम २ टक्के शोषतात, म्हणजे पूर्ण खोलीचे शोषण सव्वा चौरस मीटर उघड्या खिडकीएवढेच. सूत्रात हे आकडे घातले, की रिकाम्या खोलीत आवाज विझायला चार सेकंदांहून जास्त लागतात. सामान आणि माणसे आली की तो वेळ घटतो, तरी गाणे त्यात चिखल होऊन जाते. आता गाणाऱ्याच्या मागे तीन जाड गोधड्या टांगल्या. एक गोधडी साधारण ५ बाय ७ फुटांची, म्हणजे तिन्ही मिळून १० चौरस मीटरच्या जवळ. मध्यम आणि उंच स्वरांपैकी निम्मा आवाज त्या शोषतात असे धरले, तर शोषणात पाच चौरस मीटरची भर पडते आणि विझण्याचा वेळ एका सेकंदाच्या आत येतो. आईने जुन्या नऊवारी साड्या आणि धोतरांचे थर घालून शिवलेल्या गोधड्या आम्ही कपडे वाळवायच्या दोरीवर, भिंतीपासून चार बोटे पुढे टांगल्या. मागे हवेची फट राहिली की गोधडी आणखी खालचे स्वरही धरते. गोधड्या लागल्यावर मिक्सरचे माईकचे बटण आधीपेक्षा बरेच पुढे नेता आले आणि शिट्टी आली नाही. यासाठी एक रुपयाही लागला नाही, आणि या लेखातून एकच गोष्ट करायची असेल तर हीच करावी असे मी आवर्जून सांगेन. खाली सतरंजी आणि दोन खिडक्या उघड्या असतील, तर आणखी चांगले. मात्र खिडकीतून गेलेला आवाज शेजाऱ्याकडे जातो, त्याबद्दल पुढे लिहितो.

वेळा अमावस्येला शेतात हाच संच नेला, तर भिंतीच नसल्याने घुमणे जवळजवळ राहत नाही आणि आवाज फार स्वच्छ पण थोडा कोरडा वाटतो. तिथे मिक्सरवरचा एको थोडा वाढवावा. घरात मात्र एको कमीच ठेवावा. स्वस्त मिक्सरमधला एको आवाज थोडा वेळ साठवून पुन्हा पुन्हा सोडतो. त्यातले डिले हे बटण किती वेळाने सोडायचे ते ठरवते आणि रिपीट हे बटण किती वेळा ते ठरवते. प्रत्येक पुनरावृत्ती स्पीकरमधून येऊन माईकमध्ये शिरते, म्हणून एको वाढवला की शिट्टीही लवकर येते. हा एको आणि आधी सांगितलेला उशीर यांत गल्लत करू नये : एकोमध्ये मूळ आवाज वेळेवरच येतो, त्याच्या मागून पडसाद येतात, म्हणून लय बिघडत नाही.

वीज आणि अर्थिंग

माईक ही ओठांना लावायची धातूची वस्तू आहे, एवढे लक्षात ठेवले तर पुढचे परिच्छेद कोणी वगळणार नाही. माईकच्या जाळीला ओठ लागताच मुंग्या आल्यासारखे वाटले, तर ताबडतोब मुख्य बटण बंद करावे आणि वायरमनला दाखवेपर्यंत संच वापरू नये. ॲम्प्लिफायरच्या पेटीत वीज उतरली असेल आणि घराचे अर्थिंग नीट नसेल, तर ती वीज जमिनीत जाण्याची वाट गाणाऱ्याच्या अंगातून शोधते. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन कापून तो दोन पिनांच्या बोर्डात बसवण्याची सवय मी अनेक घरांत पाहिली आहे. ती जाड पिन म्हणजेच अर्थिंग आहे.

मराठवाड्यात या बाबतीत एक जास्तीची काळजी घ्यावी लागते. अर्थिंगची पट्टी किंवा नळी जमिनीत पुरलेली असते आणि वीज जमिनीत उतरण्यासाठी ती जमीन ओलसर असावी लागते. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडतात, पट्टीभोवतालची माती सुकून सुटते आणि पावसाळ्यात उत्तम असलेले अर्थिंग मे महिन्यात निकामी होऊ शकते. म्हणूनच त्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालतात व वर पाणी ओतण्यासाठी नळी ठेवतात. टँकरच्या दिवसांत पाणी जपून वापरावे लागते हे खरे, पण भांडी विसळलेले पाणीही या कामाला चालते. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला असेल, तर गळतीची वीज तेवढी होताच तो पुरवठा तोडतो. कराओकेसाठी नव्हे, घरातल्या प्रत्येक माणसासाठी तो असायला हवा.

अर्थिंग ठीक असूनही स्पीकरमधून सतत भुणभुण येत असेल, तर टीव्ही एका बोर्डावर आणि मिक्सर दुसऱ्या बोर्डावर आहे का ते पाहावे. दोन ठिकाणच्या अर्थिंगमध्ये थोडा फरक असतो आणि आवाजाच्या वायरीतून तो फरक वाहू लागतो. सगळा संच एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घेतला की बहुतेक वेळा भुणभुण जाते. तरीही राहिली, तर टीव्हीची डिश किंवा केबलची वायर क्षणभर काढून पाहावी. लोडशेडिंगमध्ये स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर संच चालवला, तर वेगळीच खरबरीत गुणगुण येते; तिथे बॅटरीवर चालणारा स्पीकर किंवा साइन वेव्ह इन्व्हर्टर हाच उपाय.

ट्रॅक आणि पट्टी

यूट्यूबवर तयार ट्रॅक पुष्कळ मिळतात, पण मराठी गाण्यांत हवे ते मिळेलच असे नाही. पूर्वी संगणकावर गायकाचा आवाज काढून टाकण्याची एक युक्ती होती : स्टिरिओ रेकॉर्डिंगमध्ये गायक बहुधा मधोमध, म्हणजे डाव्या व उजव्या बाजूला सारखाच असतो, तेव्हा एका बाजूतून दुसरी वजा केली की तो नाहीसा होतो. जुनी गाणी मोनोमध्ये रेकॉर्ड झालेली आहेत. त्यांत दोन्ही बाजू अगदी सारख्या असल्याने वजाबाकी केली की शांतताच उरते. आपल्या आई-आत्यांची आवडती गाणी नेमकी त्या काळातली. २०१९मध्ये डीझर या कंपनीने स्प्लीटर हा कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा कार्यक्रम सर्वांसाठी खुला केला आणि त्यानंतर आवाज व वाद्ये वेगळी करणारी अशी अनेक मोफत साधने आली. ती आवाजाची जात ओळखून काम करत असल्याने मोनो गाण्यावरही चालतात. वाद्यांत मूळ गायकाची पुसटशी छाया राहते, ती गाताना अडत नाही.

पट्टीकडे मात्र हमखास दुर्लक्ष होते. मूळ गाणे ज्या पट्टीत आहे त्याच पट्टीत आपण गायले पाहिजे, असा कोणताही नियम नाही. लताबाईंच्या गाण्यांची उंची साठीतल्या बाईला झेपावी ही अपेक्षाच चुकीची आहे. सप्तकात १२ स्वर असतात आणि ट्रॅकची पट्टी बदलणारे कोणतेही ॲप एकेका स्वराने वर-खाली करू देते. काळी चारमधले गाणे आत्याला काळी दोनमध्ये, म्हणजे पाच स्वर खाली आणून दिले, तेव्हा तिचा मूळचा भरदार आवाज उमटला. चार-पाच स्वरांपलीकडे सरकवले, तर तबला आणि बासरी ओळखू येईनाशी होतात, तेवढी मर्यादा पाळावी.

आवाज जुळवताना आधी वाद्ये साध्या बोलण्याच्या उंचीवर ठेवावीत आणि गाण्यातली सर्वांत उंच ओळ म्हणत माईकचे बटण वाढवावे. लाल दिवा लागला की आवाज फाटू लागतो, तेव्हा थोडे मागे यावे. मग माईकचा बेस निम्म्याहून खाली आणावा, कारण माईक ओठांजवळ धरला की खालचे स्वर आपोआपच फुगतात. एवढे करूनही आपला आवाज ऐकू येत नसेल, तर माईक वाढवण्यापेक्षा वाद्ये कमी करावीत.

शेजाऱ्यांचा विचार कायद्यानेही केलेला आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. घरच्या साऊंड सिस्टिमचा आवाज आपल्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये. बेस भिंतीतून सर्वांत सहज पलीकडे जातो, म्हणून रात्री नऊनंतर आम्ही होम थिएटरचा सबवूफर बंदच ठेवतो आणि भिंतीपलीकडच्या काकूंना आधी सांगून ठेवतो. त्या आता स्वतःच गायला येतात.

संच सुरू करताना आधी टीव्ही, मग मिक्सर आणि सर्वांत शेवटी स्पीकर सुरू करावा, नाहीतर मिक्सरचा पहिला झटका मोठा होऊन स्पीकरच्या पडद्यावर आदळतो. बंद करताना याच्या उलट, पहिल्यांदा स्पीकर. वायरी हाताच्या कोपराला गुंडाळू नयेत, पीळ न देता सैल गोल करून ठेवाव्यात आणि माईकची जाळी उघडून आतला स्पंज महिन्यातून एकदा साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळल्यावरच परत बसवावा.